सुप्रजेचे शास्त्र आणि शास्त्रज्ञाचे उत्तरदायित्व : इ. स. १९२७ पासूनचे काही प्रसंग

प्रस्तावना

इ. स. १९२७ हे वर्ष तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासात महाडच्या चवदार तळ्यामुळे चिरस्मरणीय झाले. १९ व २० मार्च रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने पाण्यावरील हक्क बजावला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणाऱ्या ग्रंथप्रामाण्याला हे जाहीर आव्हान होते. परंतु जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याचे एक नवे प्रामाण्य नेमके याच वर्षी जगात स्थिरावत होते, याकडे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही. हे प्रामाण्य धर्माच्या आधारावर उभे नव्हते. ते विज्ञानाचा आधार सांगत होते.

२ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' या खटल्यात, मतिमंद ठरविलेल्या व्यक्तीची तिच्या इच्छेविरुद्ध शस्त्रक्रिया करून तिला वंध्य करण्याचा राज्याचा अधिकार आठ विरुद्ध एक अशा मतांनी मान्य केला. सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या डालेम भागात मानवशास्त्र, मानवी अनुवंश व सुप्रजनन या विषयांना वाहिलेली कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. महाराष्ट्रात त्याच वर्षी ना. सी. फडके यांचा भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी अशी मागणी करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यास मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. जुलै महिन्यात र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक निघाले.

या घटनांत परस्पर कार्यकारणसंबंध आहे असे म्हणता येणार नाही. तथापि माणूस 'सुधारता' येतो, त्याची पुढील पिढी अधिक चांगली 'घडविता' येते आणि हे कार्य शास्त्रज्ञाचे आहे, ही कल्पना त्या काळी किती दूरवर पोहोचली होती हे त्यांवरून दिसते. आजच्या जनुक-संपादनाच्या युगात मानवी क्षमतावर्धनाच्या संशोधनाचे परिणाम आणि त्यांबाबत शास्त्रज्ञाची नैतिक जबाबदारी हा विषय नव्याने चर्चेत आला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शोध महाराष्ट्राशी निगडित काही प्रसंगांच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सुप्रजेचा विचार आणि मराठी सुशिक्षित वर्ग

फ्रान्सिस गॉल्टन याने १८८३ साली इंग्रजीत रूढ केलेल्या संज्ञेला मराठीत सुप्रजाजननशास्त्र, सुप्रजननशास्त्र असे प्रतिशब्द मिळाले. 'सुप्रजा' हा शब्द परंपरेला परिचित असल्यामुळे ही नवी विद्या मराठी वाचकाला परकी वाटली नाही, आणि हीच तिची सोय होती. फडके तेव्हा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पुढे कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती एवढी झाली की हा ग्रंथ विस्मरणात गेला. प्राचीन आर्यांच्या विवाहविषयक नियमांत सुप्रजननाची दृष्टी होती, अशी मांडणी त्यांनी केली. पाश्चात्त्य प्रयोगशाळेतील सिद्धान्त आणि स्मृतिग्रंथांतील विधिनिषेध यांची अशी सांगड घातली की दोहोंनाही एकमेकांची प्रतिष्ठा लाभते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भारतीय सुशिक्षितांच्या लेखनात ही पद्धत वारंवार आढळते.

र. धों. कर्वे यांचा मार्ग वेगळा होता. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाला विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. 'समाजस्वास्थ्य'च्या लेखनात सुप्रजेचा विचार मुळीच नव्हता असे नाही. मात्र त्याचा मुख्य रोख व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, स्वातंत्र्यावर होता. राष्ट्रासाठी किंवा वंशासाठी संतती सुधारणे आणि स्त्रीच्या हाती तिच्या देहाचा निर्णय देणे, या दोन्ही गोष्टी त्या काळात संततिनियमनाच्या एकाच नावाखाली वावरत होत्या. त्यांतील भेद पुसट राहिल्याची किंमत पुढे मोजावी लागली.

हा भेद ज्यांनी स्पष्ट केला त्यांत डॉ. आंबेडकर अग्रणी होत. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे १९३६ मध्ये स्वतःच छापलेले 'जातिनिर्मूलन' हे भाषण सामान्यतः धर्मचिकित्सा म्हणून वाचले जाते. त्यातील एक भाग अनुवंशशास्त्राविषयी आहे. जातिव्यवस्था रक्तशुद्धी राखते, म्हणून ती सुप्रजननाला उपकारक आहे, या समर्थनाचा समाचार घेताना त्यांनी शास्त्र बाजूला सारले नाही. शास्त्र काय सांगते हेच पुढे केले. उच्च बौद्धिक गुण ठरावीक एकाच रीतीने वारशाने येतात असे मानण्यास आधार नाही, हे विल्यम बेटसन या अनुवंशशास्त्रज्ञाचे मत त्यांनी उद्धृत केले. भिन्न जातींमधील विवाहबंदीला वंशशुद्धीचे कारण सांगता येईल असे क्षणभर मानले, तरी सहभोजनावरील बंदीला ते कसे लागू पडते, असा त्यांचा प्रश्न होता. शतकानुशतके ही व्यवस्था पाळणाऱ्या समाजाची शारीरिक स्थिती काय आहे, हेही त्यांनी विचारले. हाच विचारवंत संततिनियमनाचा पुरस्कर्ता होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी त्याविषयीचा प्रस्ताव मांडला होता. स्त्रीला नको असलेले मातृत्व आणि 'नको असलेली' माणसे या दोन कल्पनांत आंबेडकरांनी कधी गल्लत होऊ दिली नाही.

बर्लिनमधील प्रबंध

१९२८ साली इरावती कर्वे उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेल्या. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला होता. पती दिनकर धोंडो कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत, र. धों. कर्वे हे त्यांचे दीर. बर्लिनमध्ये त्यांनी ज्या संस्थेत प्रवेश घेतला ती म्हणजे वर उल्लेखिलेली कैसर विल्हेल्म संस्था, आणि मार्गदर्शक होते तिचे संचालक ऑयगेन फिशर.

फिशर हे त्या काळचे मान्यवर शास्त्रज्ञ होते, कोणी भोंदू नव्हते. ही गोष्ट या प्रकरणात सर्वात अडचणीची आहे. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो व नामा लोकांचा संहार झाला. त्याच भूमीतील रेहोबोथ येथील मिश्रवंशीय समाजाचा फिशर यांनी १९०८ साली अभ्यास केला आणि १९१३ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथावर त्यांची ख्याती उभी होती. बर्लिनमधील संग्रहांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या मानवी कवट्या मोठ्या संख्येने जमा झाल्या होत्या.

इरावतीबाईंना मिळालेला विषय मानवी कवटीच्या स्वाभाविक असममितीचा होता. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू विशिष्ट प्रकारे असमान असतात, ही असमानता त्यांच्या तर्कशक्तीच्या अधिक विकासाशी निगडित आहे आणि अन्य वंशांत ती तशी आढळणार नाही, अशी फिशर यांची धारणा होती. ती मोजमापाने सिद्ध व्हावी ही अपेक्षा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंश आणि कवटीची असममिती यांत काही संबंध आढळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता, आणि तो त्यांनी तसाच लिहिला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर यांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

या प्रसंगाचे वर्णन अलीकडे 'नाझी वंशसिद्धान्ताला आव्हान' असे केले जाते. ते काहीसे कालविपर्यस्त आहे. हिटलर सत्तेवर आला तो १९३३ मध्ये. १९२८ ते १९३० या काळात ही संस्था प्रजासत्ताक जर्मनीतील एक प्रतिष्ठित संशोधनकेंद्र होती आणि तिच्या काही संशोधनाला अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्यही मिळत असे. अर्थात त्यामुळे इरावतीबाईंच्या कृतीचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. गुंडांच्या राजवटीत विज्ञान भ्रष्ट झाले असे म्हणणे सोपे असते. येथे राजवट उदारमतवादी होती, संस्था नामांकित होती, मार्गदर्शक ज्येष्ठ होता, आणि दूरच्या वसाहतीतून आलेल्या पंचविशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थिनीची पदवी त्याच्या हाती होती. मोजपट्टी जे सांगते तेच लिहायचे, एवढा एकच आधार तिच्यापाशी होता.

पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी १४ जुलैला आनुवंशिक रोग असलेल्यांच्या संततीला प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख व्यक्तींना वंध्य करण्यात आले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील सुमारे चारशे मिश्रवंशीय मुलांची गुप्तपणे तशीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांच्या वंशाविषयीचे तज्ज्ञ अभिप्राय देण्यात या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. १९४२ मध्ये फिशर यांच्या जागी आलेले ओटमार फॉन फेर्शुअर इरावतीबाईंच्या काळीही त्या संस्थेत विभागप्रमुख होते. त्यांचा शिष्य योसेफ मेंगेले ऑशविट्झहून संस्थेकडे नमुने पाठवीत असे.

युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे १९४६-४७ मध्ये डॉक्टरांवर खटला चालला. त्यातून निर्माण झालेल्या संहितेने संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीची स्वेच्छा संमती अनिवार्य ठरविली. फिशर यांच्यावर खटला झाला नाही, आणि फेर्शुअर १९५१ मध्ये म्युन्स्टर येथे पुन्हा प्राध्यापक झाले. कैसर विल्हेल्म सोसायटीची वारस असलेल्या माक्स प्लांक सोसायटीने जाहीर क्षमायाचना केली ती २००१ साली.

प्रश्नाची निवड

इरावतीबाईंचा प्रबंध हा शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ आहे, यात शंका नाही. प्रश्न असा की प्रामाणिक निष्कर्षाने जबाबदारी पूर्ण होते काय? प्रबंध ग्रंथालयात राहिला, संस्थेचे कार्य अबाधित चालू राहिले. एका निष्कर्षाने कार्यक्रम थांबत नाही. कारण कार्यक्रमाचा पाया त्या निष्कर्षावर नसून 'कोणता वंश श्रेष्ठ' या प्रश्नावर होता.

मायदेशी परतल्यानंतरची इरावतीबाईंची वाटचाल या दृष्टीने विचारार्ह आहे. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काम करताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींची शारीरिक मोजमापे घेतली, वि. म. दांडेकर यांच्यासमवेत त्यांनी केलेले मानवमितीचे काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजण्याचे हे तंत्र बर्लिनचेच होते. टीकाकारांनी याकडे बोट दाखविले आहे आणि ते अकारण नाही. ज्या साधनाने विषमता सिद्ध करण्याचा घाट घातला गेला, ते साधन जातीच्या अभ्यासात नेण्यातील धोका उघड आहे. मात्र त्यांनी या सामग्रीतून काढलेले अनुमान वेगळ्या दिशेला गेले. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीतील पोटजाती एकाच मूळ समूहातून फुटलेल्या असतात हा समज त्यांनी नाकारला. १९६१ च्या 'हिंदू सोसायटी' या ग्रंथात हिंदू समाज हा अनेक भिन्न समूहांच्या जुळणीतून बनला आहे, ही मांडणी त्यांनी केली. वयाच्या उत्तरकाळात कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. कवटीपासून विस्थापितांच्या संसारापर्यंतचा हा प्रवास म्हणजे उत्तरांबरोबर प्रश्नही बदलत गेल्याची नोंद आहे. परंतु पद्धतीचा वारसा त्यांनी पूर्णपणे तपासून पाहिला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण याहून विलक्षण आहे. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे गणिती सूत्र जगभरच्या अनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९४४ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात. कार्ल पिअर्सन याने १९२५ मध्ये सुरू केलेल्या या नियतकालिकाच्या नावातून 'युजेनिक्स' हा शब्द गेला तो १९५४ मध्ये. कोसंबींसारख्या मार्क्सवादी, जातिविरोधी आणि पुढे अण्वस्त्रांविरुद्ध शांतता चळवळीत उतरलेल्या विद्वानाला आपले निर्मळ गणित छापण्यास तेच व्यासपीठ योग्य वाटले. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण ज्ञानशाखेचे घर कोणी आणि कशासाठी बांधले हे तिथे राहणाऱ्याला दिसतेच असे नाही, एवढे यावरून लक्षात येते.

पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या आचार्य विनोबा भावे यांनी विज्ञान गती देते आणि दिशा आत्मज्ञान देते, अशा आशयाची मांडणी अनेकदा केली. महाविद्यालयीन परिसंवादांत ती आजही आवर्जून सांगितली जाते. बर्लिनच्या प्रसंगापुढे ती अपुरी वाटते. विज्ञान म्हणजे केवळ वेग, आणि दिशा बाहेरून कोणीतरी द्यायची, असे मानले की शास्त्रज्ञ मोकळा होतो. प्रत्यक्षात फिशर यांनी विद्यार्थिनीच्या हाती प्रश्न दिला त्या क्षणीच दिशा ठरली होती.

याच तालुक्यातील जोहे व हमरापूर या गावांतील मूर्तिकारांचा अनुभव येथे आठवतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तींमुळे जलाशयांवर होणाऱ्या परिणामांबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास वाट मोकळी केली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर निर्बंध ठेवला. घडविणे आणि परिणाम यांचा हा विवेक योग्य की अयोग्य हा स्वतंत्र विषय आहे. पण मूर्ती कारखान्यातून गेल्यावर तिचे काय होते याचा जाब गावातील कारागिराला द्यावा लागतो, आणि प्रयोगशाळेतील संशोधकाला मात्र 'मी केवळ ज्ञान निर्माण केले' असे म्हणून सुटता येते, ही विसंगती नोंदविण्याजोगी आहे.

गर्भजलपरीक्षेचा धडा

महाराष्ट्राला या विसंगतीचा अनुभव स्वतःच्या घरात आला तो गर्भजलपरीक्षेच्या निमित्ताने. गर्भातील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी विकसित झालेले हे तंत्र सत्तरच्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वापरात आले, आणि लवकरच त्याचा उपयोग लिंगनिदानासाठी होऊ लागला. मुलींची संख्या कमी करून लोकसंख्या आटोक्यात येईल, असा युक्तिवाद वैद्यकीय क्षेत्रातून गंभीरपणे पुढे केला गेला. शासकीय रुग्णालयांत बंदी आल्यावर हा व्यवहार खाजगी दवाखान्यांकडे गेला. १९८६ मध्ये मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, त्यांत ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी ही चाचणी करीत असल्याचे आढळले.

येथे हुकूमशहा नव्हता, वंशसिद्धान्त नव्हता, सक्तीचा कायदाही नव्हता. मागणी होती, फी होती आणि कुटुंबाची 'इच्छा' होती. सुप्रजननाचा जुना कार्यक्रम शासनाकडून बाजाराकडे गेला, एवढाच फरक. त्याला उत्तर दिले ते मुख्यतः वैद्यकीय संघटनांनी नव्हे, तर मुंबईतील लिंगनिदान व लिंगनिवडविरोधी मंचातील स्त्रीसंघटना, काही संशोधक आणि मोजके डॉक्टर यांनी. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील असा पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. तो कागदावरच राहिल्यामुळे साबू जॉर्ज यांच्यासह 'सेहत' व 'मासूम' या महाराष्ट्रातील संस्थांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि २००३ मध्ये गर्भधारणापूर्व लिंगनिवडीलाही कायद्याच्या कक्षेत आणले गेले. दरम्यान राज्यातील शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. पहिला कायदा होऊन तेव्हा तेवीस वर्षे लोटली होती.

जनुक-संपादनाच्या उंबरठ्यावर

नोव्हेंबर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या परिषदेत हे जियानक्वी या चिनी शास्त्रज्ञाने जनुकीय बदल केलेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची माहिती दिली. एचआयव्हीला प्रतिरोध निर्माण व्हावा म्हणून भ्रूणावस्थेत हा बदल केल्याचे त्याचे म्हणणे होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. जेनिफर डाउडना आदी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्येच संयमाचे आवाहन केले होते, त्याचा उपयोग झाला नाही. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पुढील पिढ्यांत उतरणाऱ्या अशा बदलांना मनाई केली आहे. मार्गदर्शक तत्त्वे आणि व्यवहार यांत किती अंतर असू शकते हे गर्भजलपरीक्षेने दाखवून दिलेले असल्यामुळे यावर विसंबून राहता येत नाही.

त्यापेक्षा जवळचा प्रश्न सिकलसेलचा आहे. महाराष्ट्रातील आदिवासी व दलित समाजांत आढळणारा हा आनुवंशिक रक्तविकार अतिशय वेदनादायी आहे, आणि त्यावरील जनुकीय उपचारांचे संशोधन स्वागतार्हच आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आणि प्रत्येकाची आनुवंशिक स्थिती दर्शविणारी कार्डे देण्यास प्रारंभ झाला. विवाहापूर्वी ती जुळवून पाहावीत अशी अपेक्षा आहे. सक्ती कोठेही नाही. रोगवाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, हे पाड्यावरच्या आरोग्यसेविकेने नीट सांगितले तर हे कार्ड माहितीचे साधन राहील. तसे न सांगितले गेल्यास वाहक मुलीचे लग्न मोडण्याचे ते कारण ठरेल. ती माहिती कोणत्या शब्दांत, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या समक्ष द्यावी, याचा अभ्यास चाचणी विकसित करणाऱ्या प्रयोगशाळेच्या कामाचा भाग मानला जात नाही. तो आरोग्यसेविकेवर सोपविलेला आहे.